खाते पानाचा आकडा : येणेबाकीच्या फॉर्म्युल्यामागचा इतिहास

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्यांच्या घरी पूर्वी माग होते किंवा सुताचा व्यापार होता, त्यांच्या माळ्यावर अजून एखादी लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोळकी वही निघते. पान उघडले की वर मधोमध ‘श्री’, खाली मिती, डावीकडे जमा (आलेले), उजवीकडे नावे (दिलेले). अक्षर मोडी, म्हणून घरात कुणाला ते लागत नाही. रुपयांच्या आकड्यापुढे उभ्या रेघा असतात. एक रेघ पावलीची, म्हणजे चार आण्यांची, दोन आठ आण्यांच्या, तीन बारा आण्यांच्या.

मी बेळगावातल्या लहान दुकानदारांना एक्सेलमध्ये उधारी मांडून देतो. या कामात पडल्यापासून त्या वह्यांबद्दलचा माझा आदर वाढतच गेला आहे. आज आपण फॉर्म्युला म्हणून जे शिकतो, त्यातले बरेचसे दिवाणजी, म्हणजे पेढीवर वही लिहिणारे कारकून, हाताने करत होते. आणि त्यांची एक सवय आपण मागे टाकली, तिची किंमत आपल्या सीमाभागात जरा जास्तच मोजावी लागते.

जुनी पद्धत अशी. दिवसभरात जे घडले ते घडल्या क्रमाने कीर्दीत उतरायचे. मग कीर्दीतली एकेक नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची, ती खतावणी. या नेण्यालाच खतवणे म्हणतात. खतवताना दिवाणजी कीर्दीतल्या नोंदीच्या कडेला एक छोटा आकडा टाकत. तो खतावणीतल्या पानाचा आकडा, म्हणजे खाते पान, थोडक्यात खा. पा. गावात पाटील पन्नास असतील, पण पान ४२ एकाच पाटलाचे. हिशेब नावावर चालत नव्हता, पानावर चालत होता.

विणकरांच्या खात्यात हे फार जपावे लागे, कारण तिथे पैशाबरोबर मालही फिरे. व्यापाऱ्याने सूत द्यायचे, विणकराने साड्या आणून द्यायच्या, मजुरी खात्यावर जमा व्हायची आणि सणासुदीला घेतलेली उचल त्यातून वळती व्हायची. माणूस एकच, पण त्याच्याकडे किती सूत आहे आणि किती रुपये आहेत, या दोन बाक्या वेगळ्या चालवाव्या लागत. त्यात पुन्हा शहापूर हे सांगली संस्थानचे गाव, तर लागूनचे बेळगाव इंग्रजी अमलाखालचे. व्यापार मात्र दोन्हीकडे एकाच तऱ्हेच्या वहीत लिहिला जाई. जमा, बाकी, वसूल हे शब्द अरबी-फारसी दप्तरातून आले आणि मराठीइतकेच कन्नडमध्येही रुजले. आपली उधारी तिकडे ‘उद्री’ होते, एवढाच फरक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा कचेरीची भाषा बदलत गेली, पण पेठेतली बाकी बाकीच राहिली.

वही कुणाच्या हातात, हाही जुना प्रश्न. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख कर्जखतांवर आणि कागदपत्रांवर होता. त्यानंतर १८७९ च्या कायद्याने शेतकरी कर्जदाराला लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. आपली बाकी आपल्याला पाहता यावी, ही मागणी इतकी जुनी आहे.

पुढचे बदल भराभर झाले. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि उभ्या रेघांची जागा दशांश चिन्हाने घेतली. १९८९ पासून आयकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले. पाडव्याचे वहीपूजन टिकले, पण बाकी ओढण्याचा दिवस मार्चअखेरीवर गेला.

स्प्रेडशीट हा शब्द मुळात कागदाचाच, हिशेबनीस मांडत त्या जोडपानी तक्त्याचा. १९७८ मध्ये हार्वर्डला व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरचा असाच एक तक्ता खटकला. एक आकडा चुकला की त्यावर बेतलेले पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत होते. त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्याबरोबर व्हिजीकॅल्क तयार केले. ते १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर आले. त्यात ६३ स्तंभ आणि २५४ ओळी होत्या. १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आले, १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर एक्सेल, १९८७ मध्ये विंडोजवर. एक्सेल २००७ पासून एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. पेठेतल्या एका दुकानाला त्या कित्येक वर्षे पुरतील.

आता फॉर्म्युला जवळून पाहू. सी स्तंभात नावे, डी स्तंभात जमा, ई स्तंभात बाकी. वरच्या दोन ओळी मथळ्याच्या, तिसऱ्या ओळीत मागील बाकी १२,४०० रुपये. ३ तारखेला ८,६५० रुपयांचे सूत नेले, ते नावे. ९ तारखेला ५,००० दिले, ते जमा. पाचव्या ओळीतली बाकी म्हणजे ‘ई४ + सी५ − डी५’. वरची बाकी, अधिक नावे, वजा जमा. उत्तर १६,०५०. दिवाणजींनीही नेमके हेच केले असते. फक्त मधली एखादी नोंद सुधारली, तर त्यांना खालची प्रत्येक बाकी पुन्हा मांडावी लागली असती. इथे ती आपोआप मांडली जाते.

यापेक्षाही मला सम-इफ हे फंक्शन मोलाचे वाटते. सगळ्या नोंदी एकाच लांब यादीत तारखेप्रमाणे ठेवायच्या, आणि सम-इफला सांगायचे की या माणसाच्या नावेची बेरीज दे, जमेची बेरीज दे. यादी ही कीर्द झाली आणि सम-इफने केले ते खतवणे. मी शिकवताना असेच सांगतो, आणि वही लिहिलेले वयस्कर दुकानदार पोरांच्या आधी समजतात.

अडचण येते ती नावाशी. एका दुकानात मी ही मांडणी करून दिली होती. काउंटरवर तिघे बसत. मालक देवनागरीत ‘मारुती’ लिहीत, त्यांचा मुलगा इंग्रजीत, आणि कन्नड शाळेत शिकलेला कामगारही इंग्रजीतच. पण आपण मराठी माणसे ‘ती’साठी नुसता टी लिहितो आणि कन्नड पद्धतीत टी-एच लिहितात. सम-इफच्या लेखी ते तीन वेगळे मारुती झाले. एकाच्या नावावर २१,०५० येणे दिसू लागले आणि दुसऱ्याच्या नावावर ५,००० जास्त जमा. एकूण बेरीज मात्र तंतोतंत जुळत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. मारुतीने पैसे दिले असूनही त्याच्याकडे पुन्हा मागणी गेली. चूक माझ्या मांडणीची होती आणि ती मला फार लागली, कारण पैसे देऊनही दिले नाहीत असे भर दुकानात ऐकून घेणे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

ही अडचण पूर्वी याहून मोठी होती. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच संकेतपद्धत, १९९१ मध्ये आले, पण रुळायला वेळ लागला. तोपर्यंत मराठीसाठी श्रीलिपीसारखे फाँट आणि कन्नडसाठी वेगळे. फाँट बदलला की नाव म्हणून नुसती चिन्हे उरत. आज तिन्ही लिप्या एका पानावर सुखाने नांदतात, तरी एकच नाव तीन लिप्यांत एक आहे हे फॉर्म्युल्याला कळत नाही.

म्हणून मी खाते पानाकडे परत गेलो. आता प्रत्येक गिऱ्हाइकाला क्रमांक देतो. वेगळ्या पानावर क्रमांक, नाव, गल्ली आणि मोबाइल. रोजच्या यादीत फक्त क्रमांक टाकायचा. त्यावरून नाव शोधून दाखवायचे काम व्ही-लुकअप हे फंक्शन करते. सम-इफ क्रमांकावर चालते, नावावर नाही. बाकी दाखवणाऱ्या स्तंभाला कुलूप घालतो, म्हणजे चुकून कुणी फॉर्म्युल्यावर आकडा टाइप करणार नाही. चुकलेली नोंद पुसायची नाही, खाली उलट नोंद घालायची, हाही वहीचाच नियम. वहीत खोडाखोड डोळ्यांना दिसे. इथे पुसलेला आकडा मागमूस ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र कागदावरच करून घेतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उधारीच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजतात. जुन्या खतावणीत वर्षअखेरीला बाकीखाली सही घेत, ती याचसाठी. त्यामुळे दर मार्चअखेरीला प्रत्येक खात्याचा उतारा छापतो. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये ‘वरील बाकी मान्य’ अशी ओळ असते. मारुतीने यंदा आपला उतारा दोनदा वाचला, ९ तारखेच्या जमेवर बोट ठेवले आणि मग सही केली.