पशुधन पर्यवेक्षक प्रशिक्षण

पदवीधर पशुवैद्याच्या हाताखाली प्रथमोपचार, लसीकरण, खच्चीकरण व कृत्रिम रेतन करणाऱ्या तंत्रज्ञाचे शिक्षण. सातारा-सांगलीकडे गोठेवाले त्यालाही ‘डॉक्टर’च म्हणतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार मात्र पदविका वा प्रमाणपत्रधारकाला राज्य शासनाने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवाच, तेही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली, देता येतात. पदवी शिक्षणासाठी शिरवळ (ता. खंडाळा) येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुख्यतः रेतनासाठीचे ‘मैत्री’ (ग्रामीण भागातील बहुउद्देशीय कृत्रिम रेतन तंत्रज्ञ) प्रशिक्षण तीन महिन्यांचे असते. त्यातील दोन महिने प्रत्यक्ष कामाचे.

भारतात कृत्रिम रेतनाचा आरंभ सामान्यतः १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत कुमारन यांनी केलेल्या प्रयोगापासून धरतात. काहीजण १९४२ च्या सुमारास इज्जतनगर (बरेली) येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेत सुरू झालेल्या कामापासून धरतात. तेथून पद्धतशीर संशोधन सुरू झाले, इतकेच म्हणणे अधिक रास्त.

प्रशिक्षणात सर्वांत जास्त वेळ जातो तो हात बसवण्यात. रेतकांडी (गोठवलेल्या रेताची ०.२५ मिलीची बारीक नळी) उणे १९६ अंश से. च्या द्रव नत्रात (नायट्रोजनमध्ये) असते. ती शोधताना कांड्यांचा पेला पात्राच्या गळ्याच्या वर आणू नये. वर घेऊन पुन्हा बुडवलेल्या कांडीतले शुक्रजंतू मरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून कोरडी पुसावी. पाण्याचा थेंबही आत गेला तर मात्रा वाया जाते. बंद टोक काटकोनात कापावे. तिरपे कापल्यास रेत गनवरच्या (गन म्हणजे रेत सोडण्याची सळई) आवरणात मागे झिरपते. गन थंड नसावी.

खोड्यात उभ्या गायीच्या गुदाशयात डावा हात घालून गर्भाशयमुख मुठीत धरतात. गन आधी तिरपी वर न्यावी. सपाट नेली की ती मूत्रमार्गात शिरते. गर्भाशयमुख पुढे ढकलले की योनीच्या घड्या सुटतात. गन पुढे रेटण्यापेक्षा गर्भाशयमुखच तिच्यावर ओढून घ्यावे. गर्भाशयमुखातील कडी संपताच, गर्भाशयाच्या एका शिंगात (फाट्यात) न शिरता, रेत सावकाश सोडावे. नवशिक्या हाताचे रेत बहुधा कडीतच पडते आणि गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते.

सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी भरवतात. म्हशीचा माज मुका (बाहेरून फारशी लक्षणे न दिसणारा) असतो, उन्हाळ्यात अधिकच. तेथे सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) व मागील नोंद पाहावी लागते. गाभण जनावरही क्वचित माज दाखवते, म्हणून आधी हाताने गर्भाशय तपासावे. गन आत गेल्यास गर्भपात होऊ शकतो.