भिंतीवरची बुरशी आणि पाण्याचा माग

ठाण्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी मी गेलो तेव्हा ऑगस्ट चालू होता. बेडरूममधलं कपाट तिघांनी मिळून हातभर पुढे ओढलं आणि मागची भिंत दिसली. जमिनीपासून कमरेपर्यंत काळे-हिरवट ठिपके, मधे मधे रंगाला आलेले फुगे, कोपऱ्यात सुटलेले पोपडे. कुबट वास तर खोलीचं दार उघडताच आला होता. काकूंनी एक कागद माझ्या हातात दिला. "हवेची टेस्ट करून घेतलीय. ९३३ आलंय. धोक्याचं आहे का हो? नातवाला दमा आहे."

घरांमधली ओल शोधणं हे माझं काम. असा कागद आता वरचेवर समोर येतो, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण लोकांनी पैसे मोजलेले असतात आणि जे कळायला हवं होतं ते त्या कागदावर नसतं.

ते ९३३ आलं कुठून ते बघू. छोटा पंप मिनिटाला १५ लिटर हवा खेचतो आणि ती चिकट काचपट्टीवर आपटवतो. पाच मिनिटांत ७५ लिटर हवा होते. पट्टीला चिकटलेले बुरशीचे बीजाणू प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात आणि एक घनमीटर हवेचा हिशोब काढायला १३.३ ने गुणतात. म्हणजे प्रत्यक्षात दिसले होते ७० बीजाणू. एक बीजाणू कमी-जास्त दिसला की अहवालातला आकडा १३ ने हलतो. शिवाय ती पाच मिनिटं कुठली? पंखा चालू होता की बंद, कुणी गादी झटकली होती का, खिडकी उघडी होती का? काकू म्हणाल्या, खिडक्या उघड्याच होत्या. पावसाळ्यात कोकणपट्टीत बाहेरच्या हवेतच बीजाणूंची रेलचेल असते. सडका पालापाचोळा, झाडं, ओली माती, सगळीकडून ते येत असतात. म्हणून घरातल्या नमुन्याबरोबर त्याच वेळी बाहेरचाही नमुना घ्यावाच लागतो. इथे तो घेतलाच नव्हता. तुलनेला काही नसलं की ९३३ नुसता अंक राहतो.

आणि समजा तुलना असती, तरी "इतक्याच्या पुढे धोका" अशी रेषा कुणी आखलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली. ओलसर, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांना दमा, खोकला, श्वसनाचे त्रास जास्त होतात हे तिने स्पष्ट मांडलं. पण बीजाणूंची सुरक्षित मर्यादा आकड्यात दिली नाही, कारण बुरशीच्या जाती अनेक आणि प्रत्येक माणसाचं शरीर वेगळं. ओल येऊ देऊ नका आणि आली तर हटवा, हाच तिचा सल्ला. अमेरिकेची पर्यावरण संस्थाही सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नसते.

काकूंच्या मनात आणखी एक भीती होती आणि ती मला फार घरांत भेटते. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत "काळी बुरशी" हा शब्द घरोघरी पोचला. तो आजार म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी मुळात काळी नसते, तिने मारलेली ऊती काळी पडते म्हणून ते नाव पडलं. भिंतीवरची काळी बुरशी वेगळ्या कुळातली असते, बहुतेकदा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस नायजर यांसारखी. रंगावरून जात ठरवता येत नाही आणि धोकाही ठरवता येत नाही. दमा, ॲलर्जी किंवा दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्या माणसाला हिरवी, पांढरी, काळी, कुठलीही बुरशी त्रासाचीच. ती मेली तरी तिचे बीजाणू ॲलर्जी देतात, म्हणून औषध फवारून ती "मारली" की काम झालं, असं नाही. ती पुसून घराबाहेर काढावी लागते.

बुरशीला लागतं काय? बीजाणू हवेत कायमच असतात, त्यांना रोखणं कुणाच्या हाती नाही. खाणंही सगळीकडे आहे: धूळ, लाकूड, कागद, जुन्या डिस्टेंपरमधला सरस, आताच्या रंगांना दाटपणा देणारी सेल्युलोजची संयुगं. आपल्या हाती आहे ते फक्त पाणी. भिंतीच्या अगदी पृष्ठभागालगत सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास काही दिवस टिकली की बीजाणूला तंतू फुटतात. पुरती भिजलेली वस्तू तर एक-दोन दिवसांत सुकवावी लागते, नाहीतर तिच्यावर बुरशी धरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर तळमजल्यावरच्या ज्या गाद्या वाळवायच्या म्हणून ठेवल्या गेल्या, त्या का टाकाव्या लागल्या ते यावरून कळेल.

मी "भिंतीलगत" म्हणालो, कारण खोलीतली हवा आणि भिंतीलगतची हवा सारखी नसते. हवा २८ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, पण भिंत तीन अंशांनी गार असेल, तर तिच्या लगत हीच आर्द्रता ८३-८४ टक्क्यांवर जाते. पाण्याचा थेंब न दिसताही बुरशीची सोय झाली. बाहेर याच २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २५ अंशांच्या आसपास येतो. मग एसी २२ वर लावलेल्या खोलीची भिंत पलीकडच्या बिनएसी खोलीच्या बाजूने ओली होते आणि लोक वरच्या मजल्याशी गळतीवरून भांडतात. बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट, घरात दोरीवर वाळणारे कपडे (मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांतही दोन-तीन लिटर पाणी असतं), बंद खिडक्या, सगळं त्यात भर घालतं. कोकणातल्या जुन्या घरांना दरवर्षी चुन्याचा हात द्यायचे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशीला तिथे तग धरता येत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो जोर हळूहळू ओसरतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चुना येतो.

माझ्या पिशवीत सर्वांत उपयोगी पडतो तो ओल मोजायचा मीटर. त्याच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या की तो त्यांच्यामधला विद्युतरोध मोजतो. ओल जास्त तर रोध कमी. तो मुळात लाकडासाठी बेतलेला असतो, त्यामुळे प्लॅस्टरवरचा आकडा म्हणजे खरी टक्केवारी नव्हे. भिंतीच्या एका जागेची दुसरीशी तुलना करायची, एवढाच त्याचा वापर. आणखी एक फसगत होते: भिंतीला लोणा लागलेला असला की क्षारांमुळे कोरडी जागाही ओली भासते. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. तो बुरशी दाखवत नाही, पाणीही दाखवत नाही, फक्त तापमान दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनाने गार होते म्हणून पडद्यावर निळी दिसते, आणि तिथे सुया टेकवून खात्री करावीच लागते.

काकूंच्या घरी खिडकीशेजारच्या भिंतीवर १६ आलं. मुंबईच्या ऑगस्टमध्ये हे कोरडंच म्हणायचं. डागावर ३५. मग मी कोपऱ्याच्या कडेने वीतवीतभर अंतरावर वर जात राहिलो. जमिनीतून चढणारी ओल वर जावी तशी कमी होते. इथे आकडा वाढत गेला, खांद्याच्या उंचीवर सर्वांत जास्त झाला आणि त्याच्या वर एकदम खाली आला. बुरशी मात्र खालीच जास्त होती, कारण कपाटामागे तळाशी हवा हलत नव्हती आणि धूळ साचली होती. बुरशी आणि पाण्याचं उगमस्थान एका जागी असेलच असं नाही, आणि नुसता डाग खरवडून रंगवणाऱ्यांची चूक इथेच होते.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: डाग कधी वाढतो? माझ्या मते सगळ्या उपकरणांपेक्षा हा प्रश्न जास्त सांगून जातो. पावसाची झड आल्यावर एक-दोन दिवसांत वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीला भेग, छज्जा किंवा गच्ची. बाराही महिने सारखाच असेल तर भिंतीत पुरलेला पाण्याचा पाइप. वापराबरोबर कमी-जास्त होत असेल तर सांडपाणी. काकू विचार करून म्हणाल्या, "मे महिन्यातही असतो की. वरची मंडळी गावाला गेली होती ना, तेव्हा जरा वाळल्यासारखा वाटला होता." हवेच्या कुठल्याही चाचणीतून हे कळलं नसतं.

त्या कोपऱ्यामागे इमारतीचा डक्ट होता, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी. वरच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या परवानगीने बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओतलं आणि डक्टच्या झडपेतून टॉर्च मारून बघत बसलो. थोड्याच वेळात उभ्या पाइपच्या एका सांध्यातून रंगीत धार भिंतीवर उतरली. सांधा बरोबर खांद्याच्या उंचीवर होता.

हवेची चाचणी कधीच करू नये असं नाही. वास येतो पण कुठेच काही दिसत नाही, अशा घरात तिचा उपयोग होतो. बाहेर क्लॅडोस्पोरियम भरपूर आणि घरात मात्र पेनिसिलियम-ॲस्परजिलसच्या धर्तीचे बीजाणू जास्त, असं आलं तर फॉल्स सीलिंगच्या वर किंवा कपाटाच्या पाठीमागे काही लपलंय असा संशय घ्यायला जागा होते. (ही दोन कुळं नुसत्या बीजाणूंवरून ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात ती जोडीने येतात. बुरशीच चिकटपट्टीने उचलून निळ्या रंगात बघितली तर पेनिसिलियम कुंच्यासारखं दिसतं आणि ॲस्परजिलस झारीच्या तोंडासारखं. इटलीच्या मिकेली यांनी १७२९ मध्ये ॲस्परजिलस हे नाव दिलं, तेसुद्धा चर्चमधल्या तीर्थ शिंपडायच्या साधनावरून.) सफाईनंतर काम नीट झालं का हे बघायलाही चाचणी चालते.

पण तपासणी करणारा आणि सफाई किंवा वॉटरप्रूफिंग विकणारा एकच असेल तर जपून. अमेरिकेतल्या फ्लोरिडासारख्या दमट राज्यात कायदाच आहे की ज्याने घर तपासलं, त्याने बारा महिने त्याच घराच्या बुरशीचं काम घ्यायचं नाही. आपण निदान तपासणारा आणि काम करणारा वेगळा ठेवू शकतो. चांगला तपासनीस आधी तासभर प्रश्न विचारतो, फर्निचर हलवतो, वरच्या-खालच्या मजल्यावर जातो. आल्या आल्या पंप काढणाऱ्याला मी तरी थांबवीन.

सांधा सप्टेंबरअखेर बदलला. बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसली, तोंडाला एन-९५ मास्क लावून, नातवाला त्या दिवशी मावशीकडे पाठवून. कोरडी खरवडली असती तर बीजाणू घरभर झाले असते. सुटलेलं प्लॅस्टर काढून टाकलं. काकूंना दिवाळीच्या आत रंग हवा होता आणि इथे मला हट्ट धरावा लागला. ऑक्टोबरात भिंत वरून कोरडी लागते, पण आत ओल भरलेली असते. इंचभर जाडी सुकायला साधारण महिना, असा जुना आडाखा आहे. गेल्या तीन दिवाळ्यांना ओल रंगाखाली कोंडली गेली होती आणि दर वेळी फुगे आले होते.

म्हणून दिवाळीत तो कोपरा तसाच उघडा राहिला. कपाट चार इंच पुढे सरकवलं, कोपऱ्याकडे तोंड करून एक पंखा लावला. नोव्हेंबरात मीटर २४ दाखवत होता, जानेवारीत १७. मार्चमध्ये १२ आलं तेव्हा काकूंनी स्वतःच सुया टेकवून बघितलं, दोनदा. रंग गुढीपाडव्याला लागला.