खळं किती मोठं?

खानापूरकडे लहानपणी गुडघा फुटला की औषध बांधावरच सापडायचं. दगडी पाला तळहातावर चोळायचा आणि हिरवा रस जखमेवर पिळायचा. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, अशी आमची पक्की खात्री. (हा आपला गावठी पाला मुळात अमेरिका खंडातला, हे फार उशिरा कळलं.)

तो खरंच जंतू मारतो का, हे तपासायची रीत सोपी आहे. पाला सावलीत वाळवून भुकटी करतात, मेथॅनॉलमध्ये भिजवून गाळतात, मेथॅनॉल उडवून देतात. उरतो काळपट, चिकट अर्क. काचेच्या ताटलीत अगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा, थर जमवून त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस पसरतात. गळवांत, पिकलेल्या जखमांत हमखास सापडणारा हा जंतू. पसरायच्या द्रवात मिलिलिटरला सुमारे 15 कोटी जंतू. तेही मापून, कारण गर्दी बदलली की निकाल बदलतो. थराला 6 मिलिमीटरची भोकं पाडून त्यात पातळ केलेला अर्क घालतात आणि ताटली रात्रभर 37 अंशांवर ठेवतात. सकाळी ती वाढलेल्या जंतूंनी दुधट झालेली असते. अर्क लागू पडला असेल तर भोकाभोवती स्वच्छ खळं दिसतं, चंद्राला पडतं तसं.

फसगत इथूनच सुरू होते. अर्क ज्यात विरघळवला तो द्रावकच जंतू मारत असेल तर? म्हणून एका भोकात नुसता द्रावक घालावा लागतो. शिवाय तेलकट द्रव्य अगारमध्ये नीट पसरत नाही. ते जालीम असूनही खळं लहान पडतं. ई. कोलायसारख्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे वनस्पतींचे अर्क बहुधा थिटे पडतात.

आणि मात्रा! तुलनेला ठेवलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या चकतीत 5 मायक्रोग्रॅम औषध असतं. मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम अर्काचे 100 मायक्रोलिटर भोकात घातले, तर ते झाले 10,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन हजार पट. खळी सारखी दिसली म्हणून औषधं सारखी ठरत नाहीत. त्यासाठी अर्क निम्म्यानिम्म्याने पातळ करत जातात आणि जंतूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा शोधतात. माझ्या मते निकालात आधी हा आकडा बघावा, खळ्याचा फोटो नंतर.

आमच्या गुडघ्यावर अर्थात मेथॅनॉलचा अर्क नव्हता. होता ताजा रस, आणि त्यात बांधावरची माती, जिच्यात धनुर्वाताचे जंतू राहतात.