सहा महिन्यांच्या गोळ्या, दहा महिन्यांचा हंगाम

गोव्यात ट्रॉलरची मासेमारी 1 ऑगस्टला सुरू होते आणि 31 मेला थांबते. मधले 61 दिवस बंदी. मालीम, कुटबण, वास्कोचा खारीवाडा या जेटींवर राबणारे खलाशी बहुतेक ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटकातले. बंदी लागली की ते गावाची गाडी पकडतात. दुसऱ्या बाजूला साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. स्थलांतरितांच्या टीबी तपासणीची खरी अडचण ही दोन वेळापत्रके एकमेकांवर ठेवली की दिसते.

बरीच शिबिरे 24 मार्चच्या, म्हणजे जागतिक क्षयरोग दिनाच्या आसपास भरतात. त्यात सापडलेल्या खलाशाच्या गोळ्या मार्चअखेर सुरू झाल्या, तर पहिला टप्पा संपून बेडका पुन्हा तपासायचा दिवस येतो मेच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर त्याचे बोचके बांधून झालेले असते. उरलेल्या चार महिन्यांतले निदान पहिले दोन गावी काढायचे. तेच शिबिर सप्टेंबरच्या सुरुवातीला घेतले, तर उपचार मार्चमध्ये इथेच पुरा होतो. (मार्चमध्ये सापडलेल्याला अर्थातच थांबवून ठेवायचे नसते, त्याची पाठवणी नीट करायची. ते पुढे येते.)

आता तपासणी. 2019–21च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील लोकांत लाखामागे 316 जणांच्या फुप्फुसाचा टीबी प्रयोगशाळेत सिद्ध झाला. म्हणजे हजारात तिघे. दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांत आकडा जास्त असू शकतो, पण हिशेबाला हाच धरू. हजार जणांना फक्त ‘दोन आठवडे खोकला आहे का?’ एवढेच विचारले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार हा प्रश्न शंभरातले 42 रुग्ण पकडतो. आपल्या तिघांतला एखादाच. खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम यांपैकी काहीही चालेल म्हटले, तर दोघे सापडतात, पण टीबी नसलेले सुमारे 360 जण संशयित ठरतात. छातीच्या एक्स-रेतला कोणताही बिघाड धरला, तर जवळजवळ तिघेही सापडतात आणि विनाकारण अडकणारे उरतात 110. त्या सर्वेक्षणातही 42.6 टक्के रुग्ण निव्वळ एक्स-रेमुळे सापडले. लक्षणे विचारून भागवले असते, तर ते घरी गेले असते.

शिवाय मजूर लक्षणे सांगतोच असे नाही. रोजंदारी बुडेल ही भीती असतेच, पण बिडी, डिझेलचा धूर आणि रात्रीची जागरणे यांत खोकला हा त्याच्या लेखी आजारच नसतो. म्हणून हातात धरायचे एक्स-रे यंत्र जेटीवर नेणे परवडते. संगणक फोटोला गुण देतो, ठरवलेल्या रेषेच्या वरच्यांचा बेडका घेतला जातो. इथे दोन घोटाळे होतात: जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे व्रण, आणि खडी क्रशरवर काम केलेल्यांचा सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. दोन्हींत फोटो बिघडलेलाच दिसतो. पण सिलिकोसिसवाल्याला टीबीचा धोकाही जास्त असतो, त्यामुळे ‘धूळच असेल’ म्हणून त्याला सोडून देता येत नाही.

बेडका घेणे हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. डबीत लाळ आली की उत्तम यंत्रही हात टेकते. आधी चूळ भरायची, दोनदा खोल श्वास घेऊन रोखायचा, तिसऱ्यांदा जोरात खोकून छातीतून आलेला दाट ऐवज डबीत घ्यायचा. तीनेक मिलिलिटर हवा, आणि हे उघड्यावर, इतरांपासून दूर. पहाटेचा नमुना उत्तम, पण पहाटे खलाशी मासळी उतरवत असतो. म्हणून डबी आदल्या संध्याकाळीच हाती द्यावी लागते.

पुढची तपासणी ज्या ट्रूनॅटवर होते, ते जंतूचा डीएनए शोधणारे यंत्र गोव्याच्या मोलबायो कंपनीचे. बॅटरीवर चालते. पातळ केलेल्या बेडक्यातून सुमारे वीस मिनिटांत डीएनए वेगळा होतो, त्याचे 6 मायक्रोलिटर चिपवर टाकले की पाऊण तासाच्या आत उत्तर. पॉझिटिव्ह आले तर त्याच डीएनएवर रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हे आणखी तासाभरात कळते. सूक्ष्मदर्शकाला मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू लागतात, याला शंभराच्या आसपास पुरतात. मात्र यंत्राला मेलेल्या जंतूचा डीएनएही दिसतो. त्यामुळे पूर्वी उपचार झालेल्यांची चौकशी आधी करावी.

परप्रांतीय बांधकाम मजुरांचे हेल्थ कार्ड गोव्याला नवे नाही. ते मुख्यतः मलेरियासाठी, आणि कार्ड काढून देणे कंत्राटदाराकडे. मलेरियात ते खपून जाते: बोटाला सुई टोचायची, सापडला तर व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियाच्या गोळ्या चौदा दिवसांत संपतात. टीबीचा निकाल मुकादमाच्या हाती गेला, तर माणूस दुसऱ्या दिवशी कामावरून जातो आणि बाकीचे पुढच्या शिबिरात येत नाहीत. निकाल रुग्णालाच, एकट्याला सांगावा. मुकादमाने मोजायची ती गोष्ट वेगळी: खोलीत किती माणसे झोपतात. डेकवर ऊन-वारा असतो, संसर्ग पसरतो बंद केबिनमध्ये आणि भाड्याच्या खोलीत.

पाठवणीत चुका होतात त्या कारकुनी. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर पत्ता जेटीचा, फोन मुकादमाचा. मग गावच्या केंद्राने शोधायचे कोणाला? रुग्णाचा स्वतःचा आणि घरच्या एकाचा असे दोन नंबर, गावाजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव आणि निक्षय आयडी लिहिलेला कागद इतके तरी लागतेच. पोर्टलवर ‘ट्रान्सफर’ केल्यावर समोरच्या केंद्राने ते स्वीकारावे लागते. तोवर प्रकरण लटकलेले, म्हणून हाती महिन्याभराच्या गोळ्या द्याव्यात. गावी नव्याने नोंद झाली की एकाच माणसाचे दोन रुग्ण होतात आणि गोव्याच्या वहीत तो ‘उपचार सोडलेला’ ठरतो. पोषणाचे पैसे, जे नोव्हेंबर 2024पासून महिन्याला 1000 रुपये झाले आहेत, तेही अडकतात.

ते पैसे किरकोळ नाहीत. झारखंडमधल्या ‘राशन्स’ अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना धान्य दिल्यावर त्यांच्यात टीबी होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले, आणि दोन महिन्यांत पाच टक्के वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. वजनाचा संबंध गोळ्यांशीही आहे: 35 ते 49 किलोला रोज तीन, 50 ते 64ला चार. 48 किलोंवर सुरू झालेला माणूस नीट जेवू लागला की गट बदलतो, आणि काटा कोणी पाहिलाच नाही, तर तो तीनवरच राहतो.

1 ऑगस्टला बोटी सुटतात तेव्हा जेटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्याने नव्या शिबिराआधी मेमध्ये गेलेल्यांची यादी उघडावी. मार्चमध्ये सुरू झालेल्याच्या गोळ्या सप्टेंबरअखेरपर्यंत चालायच्या असतात. तो परतला असेल, तर त्याच आयडीवर त्याला परत घ्यायचे आणि बोट जितके दिवस समुद्रात राहणार तितक्या गोळ्या, वर दोन-चार दिवसांच्या जास्त, हाती द्यायच्या.