पुराणकथांचे चित्ररूप पुनर्कथन

पुराणकथा, लोककथा व परीकथा चित्रांतून नव्या अर्थाने सांगण्याची पद्धती. नुसते प्रसंगचित्रण यात धरत नाहीत. कथेचा कोणता पाठ घ्यायचा, प्रसंग कोणाच्या बाजूने दाखवायचा आणि नेमका कुठला क्षण पकडायचा हे चित्रकार स्वतः ठरवतो, तेव्हा ते पुनर्कथन होते. मुंबईत ही पद्धती देवादिकांची शिळाछापाची (दगडावरून छापलेली) चित्रे, चित्रकथांची पुस्तके आणि आधुनिक चित्रकला अशा तीन अंगांनी वाढली. कोकणातील पिंगुळी गावची चित्रकथी परंपरा (चित्रे दाखवत कथा गाऊन सांगण्याची) याहून जुनी व वेगळ्या घडणीची असल्याने येथे घेतलेली नाही.

शिळाछाप : मुंबईतील आरंभ राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये गिरगाव परिसरात काढलेल्या छापखान्याशी जोडला जातो. छापील देव घरोघर प्रथम त्यांनीच नेले, हे सर्रास आढळणारे विधान मात्र जसेच्या तसे घेता येत नाही. पुण्याची चित्रशाळा व कोलकात्यातील आर्ट स्टुडिओ १८७८ च्या सुमारासच असे काम करीत होते. छापखाना लोणावळ्याजवळच्या मळवलीस कधी हलला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे कधी गेला, याविषयीही एकवाक्यता नाही. स्थलांतर १८९९ च्या आसपासचे मानतात; विक्रीसाठी १९०१ व १९०३ ही दोन्ही साले दिली जातात, त्यांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. रविवर्मांचे खरे वेगळेपण लुगड्यातल्या, हाडामांसाच्या देवतांत आणि तैलचित्राचा भास देणाऱ्या छपाईत आहे.

या छपाईत गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने उलटी आकृती काढत. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागे. चांगल्या चित्राला दहा-बारा किंवा त्याहूनही जास्त. सामान्यतः फिकट रंग आधी, गडद नंतर. शेवटी वार्निश, आणि कधी कापडाच्या पोताचा उठाव. कागद दमट हवेत ताणतो, त्यामुळे पावसाळ्यात दोन छापांच्या मधल्या काळात तो केसभर वाढला तरी रंग एकमेकांवर नेमके बसवण्याच्या खुणा जुळत नाहीत. मग लक्ष्मीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीकडे सरकतो किंवा मुकुटाला दुहेरी कड दिसते. म्हणून कागद छापखान्याच्या हवेत आधी मुरवून घ्यावा लागे.

सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) घडलेले म. वि. धुरंधर (१८६७–१९४४), पुढे दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांनी हा वारसा दिवाळी अंकांत आणि दिनदर्शिकांवर नेला.

चित्रकथा : टाइम्स ऑफ इंडियाची इंद्रजाल कॉमिक्स ही माला १९६४ मध्ये मुंबईतून निघाली. तिच्यातला परदेशी मुखवटाधारी नायक फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. कोकणच्या ग्रामदैवताचे नाव असे जंगलातल्या गोऱ्या वीराला मिळाले, हेही एक पुनर्कथनच. ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्ये अनंत पै (१९२९–२०११) यांनी सुरू केली असे मानतात. परंतु इंग्रजीतील पहिला अंक ‘कृष्ण’ (चित्रे : राम वाईरकर) हा क्रमांक ११ चा आहे, आणि वादाचे मूळ इथेच आहे. आधीचे दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. बंगळुरूचे जी. के. अनंतराम यांच्या म्हणण्यानुसार ते १९६५ मध्ये कन्नडमध्ये निघाले आणि त्यांच्या खपामुळेच मुंबईच्या प्रकाशकांनी कल्पना उचलली. क्रमांकांचा पुरावा या दाव्याला पोषक आहे; पौराणिक आशयाकडे मालेला वळवण्याचे श्रेय मात्र पै यांच्याकडेच राहते. म्हणजे सिंड्रेलाच्या वाटेने कृष्ण आला, असे म्हणायला हरकत नाही.

रचना व तंत्र : पहिला निर्णय पाठाचा. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातील अहल्या शिळा होत नाही. ती ‘भस्मशायिनी’, वारा भक्षून राहणारी आणि कोणालाही न दिसणारी आहे. शिळा काढणारा चित्रकार उत्तरकालीन पाठ स्वीकारतो. अदृश्य अहल्या काढायची तर रिकाम्या आश्रमात राखेवर उमटलेला देहाचा ठसा, असा काही मार्ग शोधावा लागतो. लक्ष्मणरेषेचेही असेच : ती वाल्मीकीत नाही.

दुसरा निर्णय जागेचा. रावणाचे मुख्य मस्तक मध्ये घेतले की नऊ उरतात, आणि एका बाजूला चार, दुसरीला पाच करावी लागतात. पाचांच्या बाजूला तोल जातो, म्हणून चारांच्या बाजूला उगारलेला हात किंवा शस्त्र देतात. चौकट पाच सेंटिमीटरहून अरुंद असेल तर मागची तोंडे शाईत एकमेकांत मिसळून काळा पट्टा होतो. तेथे तीनच तोंडे दाखवून बाकीची चौकटीबाहेर कापणे बरे. मूळ चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढल्यास रेघ लहान होताना सफाई येते, पण फार बारीक रेघ नाहीशीही होते.

कृष्णाच्या निळ्यात किरमिजी वाढली की छपाईत तो जांभळा उतरतो. संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर येतच नाही, म्हणून आधी नमुनाछाप काढतात. संवादांच्या फुग्यांत देवनागरीची अडचण वेगळी. वरच्या मात्रा-वेलांट्या व खालचे उकार यांमुळे ओळींना जास्त अंतर लागते, आणि इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी मजकूर कोंबला जातो. अक्षरे आधी बसवून मग आकृती काढणे हाच यावर उपाय.

आधुनिक चित्रकला : नलिनी मलानी (जन्म १९४६) यांनी सीता आणि ग्रीक पुराणकथेतील मीडिया (Medea) ही स्त्री यांना एकत्र आणले. पारदर्शक पत्र्याच्या मागच्या बाजूने रंगवण्याच्या त्यांच्या तंत्रात क्रम उलटा असतो : डोळ्यांची बुबुळे आधी, पार्श्वभूमी शेवटी. चूक वरून झाकता येत नाही, पुसूनच काढावी लागते. अतुल दोडिया (जन्म १९५९) यांनी दुकानांची लोखंडी शटर वापरली. ‘महालक्ष्मी’ या कृतीत शटरवर दिनदर्शिकेतली देवी आहे. ते वर सरकवले की आत पंख्याला गळफास घेतलेल्या तीन तरुणी दिसतात. शटर गुंडाळले जात असल्याने पट्ट्यांच्या सांध्यांवर रंगाचे पापुद्रे सुटण्याचा धोका असतो.

परीक्षण व जतन : चोरबाजारात जुन्या चौकटींत नव्या छपाईची चित्रे मिळतात. दहापट भिंगातून शिळाछापाचे ठिपके अनियमित, दाणेदार दिसतात. नव्या ऑफसेट यंत्रछपाईचे ठिपके जाळीसारखे एकसारखे असतात. घरच्या बायकांनी देवीला जरी, टिकल्या व खरे कापड चिकटवून नेसवलेल्या प्रतीही आढळतात. त्या सजावटीची खळ कसरीला आवडते, म्हणून अशी चौकट भिंतीला टेकवून न ठेवता मागे बोटभर फट राखून टांगतात.