इंग्रजांनी जंगल वाचवलं? जरा थांबा

'इंग्रजांनी कायदे केले म्हणून जंगलं उरली, नाहीतर आदिवासींनी केव्हाच तोडून संपवली असती', हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचाय.

1864 ला जंगल खातं सुरू झालं ते मुख्यतः लाकडासाठी, रेल्वेचे रूळ टाकायला स्लीपर लागत होते, जहाजांना साग लागत होता आणि बेसुमार तोड कंत्राटदारांनी आधीच करून ठेवलेली. मग 1865 चा कायदा आणि 1878 चा त्याहून कडक, ज्यात राखीव जंगलात गावाचा पिढ्यांचा हक्क गेला आणि जे थोडंफार मिळालं ती सरकारची मेहेरबानी.

ठाणे-कुलाब्याचंच (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) बघा ना. भाताची रोपं करायला शेतकरी राब भाजायचे, म्हणजे झाडाच्या फांद्या छाटून पाला वाफ्यावर जाळायचा, झाड तसंच उभं, परत फुटायचं. त्यावरच निर्बंध आले! गुरं आत शिरली की कोंडवाडा, दंड. ओरड एवढी झाली की 1885 ला सरकारला या दोन जिल्ह्यांसाठी चौकशी कमिशन नेमावं लागलं. जंगल तोडणारे लोक सरकारकडे फांद्या छाटायचा हक्क मागत बसतील का?

हाच राग 1930 ला जंगल सत्याग्रहात, म्हणजे जंगल कायदा मोडायच्या आंदोलनात बाहेर आला, पुसद, बिळाशी, चिरनेर. चिरनेरला 25 सप्टेंबरला गोळीबार झाला, माणसं मेली. आणि इंग्रजांचाच 1927 चा जंगल कायदा आजही लागूय, 2006 च्या वनहक्क कायद्यानंतरच गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावांना जंगलावरच्या सामूहिक हक्काचा कागद मिळाला.