नागपूरची भाची, डोंबिवलीचा माठ आणि ‘काहून?’

मे महिन्यात नागपूरहून भाची आली, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. आल्या आल्या माठातून पेला भरून घेतला, एक घोट प्यायली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “मावशी, तुझा माठ बेकार आहे. पाणी थंड काहून नाही?”

माठ याच उन्हाळ्यात कुंभाराकडून आणलेला, चांगला वाजवून घेतलेला. मला जरा लागलंच. म्हटलं, तूच सांग, माठातलं पाणी गार कशामुळे होतं?

“माठाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते व त्याचे बाष्पीभवन होते. त्यासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी थंड होते.” एका दमात, शुद्ध पुस्तकी मराठीत. वर “दोन मार्क” हेही सांगितलं.

“मग इथं का होत नाही?”

“असा प्रश्न येत नाही.”

“बरं, पावसाळ्यात तुमच्या माठाचं काय होतं?”

“पावसाळ्यात तर आई माठ पालथा घालून माळ्यावर टाकते.”

“काहून?”

ती गप्प. गंमत म्हणजे उत्तराचे दोन्ही तुकडे तिच्याकडे होते. दहावीच्या ‘उष्णता’ या धड्यात अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता) आहे आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतला दमटपणा, हीसुद्धा आहे. दोन्हींच्या व्याख्या तिला पाठ. पण त्या एकाच घरातल्या, एकमेकींशी अबोला धरलेल्या जावांसारख्या.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ‘शास्त्रीय कारणे लिहा’ आठवत असेल. ज्या दिवशी हा प्रश्नप्रकार पहिल्यांदा कुणाला सुचला, त्या दिवशी तो उत्तम प्रश्न होता, कारण तो ‘काय’ विचारत नाही, ‘का’ विचारतो. पुढे गाइडं आली, कारणं छापून मिळू लागली आणि ‘का’चा ‘काय’ झाला. मुलं कारण पाठ करतात. प्रश्न वरच्या पायरीचा, उत्तर तळघरातलं.

स्वतः शोधलेलं कारण आणि छापील कारण यांत खरंच एवढा फरक पडतो का? यावर १९८७ साली मानसशास्त्रज्ञ मायकेल प्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना साधी वाक्यं दिली, ‘भुकेला माणूस गाडीत बसला’ अशा धर्तीची. प्रत्येक वाक्यात वेगळा माणूस, वेगळी कृती. एका गटानं वाक्यं नुसती वाचली. दुसऱ्या गटाला कारणही तयार मिळालं: भुकेला माणूस हॉटेलात जायला गाडीत बसला. तिसऱ्या गटाला कारण दिलं नाही, त्यांना विचारलं, ‘या माणसानं असं का केलं असेल?’ मग परीक्षा: गाडीत कोण बसलं होतं?

नुसतं वाचणाऱ्यांची सुमारे ३७ टक्के उत्तरं बरोबर आली. ‘का’ विचारलेल्यांची सुमारे ७२ टक्के. आता मधला गट, ज्यांना कारण आयतं मिळालं होतं? तेही ३७ टक्क्यांच्या आसपासच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत मागे जाऊन तपासला होता. कारण डोळ्यांसमोर असूनही त्यांच्या पदरात काही पडलं नाही. आपल्याकडच्या सगळ्या गाइडांच्या मलपृष्ठावर हा आकडा छापायला हवा.

असं का होतं? ‘भुकेला’ आणि ‘गाडी’ यांचा एकमेकांशी मुळात काही संबंध नाही. भुकेल्याऐवजी टकला असता तरी वाक्य तितकंच खरं. मेंदूला असे सुटे दोरे धरून ठेवायला जमत नाही. ‘का’ विचारलं की आपण आपल्या आधीच्या माहितीच्या कोठारात शिरतो: भूक लागली की माणूस काय करतो, घरात काही नसेल तर कुठे जातो, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत की लांबच्या खानावळीपर्यंत. या शोधात पाच-सहा जुन्या आठवणी जाग्या होतात आणि नवं वाक्य त्या प्रत्येकीला गाठ मारून बसतं. नंतर ‘गाडी’ हा शब्द ऐकू आला की यातल्या कुठल्याही वाटेनं ‘भुकेल्या’पर्यंत पोचता येतं. एक वाट बुजली तरी दुसरी असते. आयतं कारण वाचणाऱ्याला वाट दाखवली जाते, पण तो त्या वाटेवरून स्वतः चालत नाही.

यातूनच मर्यादाही कळते. कोठार रिकामं असेल तर गाठ मारणार कशाला? प्रेसलींच्याच गटानं १९९२ साली जर्मन आणि कॅनडियन विद्यार्थ्यांना दोन्ही देशांतल्या राज्यांविषयीची विधानं देऊन ‘हे असं का असेल?’ असं विचारायला लावलं. फायदा झाला, पण स्वतःच्या देशाबद्दलच्या विधानांना बराच जास्त. म्हणून पाठांतर म्हणजे शत्रू, असं मी म्हणत नाही. पाढे पाठ हवेतच.

आता माठाकडे वळते. इथे थोडं गणित येईल, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.

साधारण ३० अंश सेल्सिअसला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. माठात १० लिटर पाणी असेल आणि ते १० अंशांनी गार करायचं असेल, तर १ लाख कॅलरी काढायला हव्यात. म्हणजे १७० ग्रॅमच्या आसपास पाणी उडालं, जेमतेम पेलाभर, की काम झालं. बाहेरून आत येणारी उष्णता यात धरलेली नाही. खरी मेख तिथेच आहे. माठ जसजसा गार होतो तसतशी भोवतालची गरम हवा त्याला जास्त उष्णता देऊ लागते. शिवाय थंड पृष्ठभागावरून वाफही कमी निघते. एका तापमानाला जमा आणि खर्च सारखे होतात. त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. बाष्पीभवनानं पाणी गार होण्याची ती तळरेषा, त्याखाली माठ जाऊच शकत नाही. एरवी तर तो तिच्यापर्यंतही पोचत नाही, थोडा वरच राहतो.

ही तळरेषा हवेतल्या दमटपणावर ठरते: हवा जितकी दमट, तितकी ती वर. नागपुरात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ती येते सुमारे २४ अंशांवर. मुंबईकडे ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर सुमारे २८ वर. म्हणजे बाहेर ११ अंश जास्त तापलेलं असूनही नागपूरच्या माठातलं पाणी आमच्यापेक्षा गार होऊ शकतं. भाचीची तक्रार रास्त होती. कुंभाराचा दोष नव्हता.

‘माठातलं पाणी गार का होतं?’ यापेक्षा ‘कुठे होत नाही?’ हा प्रश्न वरचा आहे, कारण तो दोन धडे एकत्र आणल्याशिवाय सुटत नाही. असे प्रश्न मुलांना आपोआप सुचत नाहीत, पण शिकवता येतात. अमेरिकेतल्या संशोधक अॅलिसन किंग यांनी त्यासाठी अर्धवट प्रश्नांचे साचे वापरले. ‘अमुक आणि तमुक यांत फरक काय?’, ‘अमुक बदललं तर काय होईल?’, ‘आधी शिकलेल्या कशाशी याचा संबंध लागतो?’ रिकाम्या जागा विद्यार्थ्यानंच भरायच्या आणि प्रश्न एकमेकांना विचारायचे. १९९२ च्या त्यांच्या अभ्यासात व्याख्यानानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत सारांश लिहिणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत स्वतःलाच प्रश्न विचारणाऱ्यांनी त्यांना गाठलं, किंचित मागेही टाकलं, आणि नुसत्या वह्या वाचणारे या प्रश्न विचारणाऱ्यांच्या बरेच मागे राहिले.

‘आधी पाया पक्का होऊ दे, विचार नंतर आपोआप येईल’ असं शिक्षकांच्या खोलीत नेहमी ऐकू येतं. संशोधक पूजा अगरवाल यांनी २०१९ साली हेच तपासलं. नुसत्या माहितीच्या चाचण्यांचा सराव केलेल्यांना वरच्या पायरीचे प्रश्न सोडवताना त्या सरावाचा उपयोग झाला नाही. वरच्या पायरीचा सराव केलेल्यांनाच झाला. ‘आपोआप’ हा शब्द शिक्षणातून हद्दपार करावा.

पण साच्याचाही साचा होतोच. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९७६ साली मार्टन आणि साल्यो या संशोधकांना दिसलं की खोलवर वाचावं म्हणून विचारलेले प्रश्न काही विद्यार्थ्यांना आधी ओळखता आले, मग त्यांनी तेवढ्यापुरतं वरवर उत्तर देण्याची युक्ती शोधली. आपल्या ‘शास्त्रीय कारणां’चे हे युरोपातले चुलतभाऊच.

   

माठाची तळरेषा तपासायला मी दोन थर्मामीटर आणले. एकाच्या फुग्याला ओल्या सुती चिंधीची गुंडाळी केली, दुसरा कोरडा ठेवला आणि दोन्ही गॅलरीत पंख्याच्या वाऱ्यात टांगले. पंधरा मिनिटांनी कोरडा ३३, ओला २८, म्हणजेच ती तळरेषा. माठातलं पाणी २९. भाचीनं तिन्ही आकडे फोनवर टिपले आणि नागपूरला आईला पाठवले.

रात्री जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. मधेच म्हणाली, “म्हणूनच पावसाळ्यात आमचा कूलर नुसता चिकचिक करतो का गं?” आणि मी हो म्हणायच्या आत, “पण मग घरातली दमट हवा बाहेर जायला खिडकी उघडी ठेवली, तर जुलैतही काही फरक पडेल का? की बाहेरचीच हवा ओली?”